चालू स्थितीतील प्रोग्राम : निरंक

नागपूरहून धाड येणार हे जलालुद्दीनभाईंनी सोमवारी दुपारी जेवता जेवता ऐकलं आणि हातातला घास ताटात परत ठेवला. बातमी आणली होती शेजारच्या झेरॉक्स-टायपिंगवाल्या पोचूने. पोचू राईचा पर्वत करतो, हे बल्लारपूरच्या त्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. पण जलालुद्दीनभाईंना भ्यायला राईसुद्धा पुरायची. पोस्टमनने सायकलची घंटी वाजवली तरी हा माणूस पाणी मागायचा.

"कम्प्युटरवाल्यायवर पथक येऊन राह्यलं भाई. गुरुवारी," पोचू दारातूनच म्हणाला. "चोरीचा प्रोग्राम सापडला का मशीनच उचलून नेतेत. चांद्याले एकाचं नेलं म्हणते."

जलालुद्दीनभाईंचं टायपिंगचं दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि एक मशीन. मशीन गेलं की दुकान गेलं. आणि मशीनमधला प्रत्येक प्रोग्राम चोरीचा होता. तेव्हा तो सगळ्यांचाच असायचा, पण सगळे जलालुद्दीनभाईंसारखे रात्रंदिवस त्याची आठवण ठेवत नसत.

त्यांनी भाच्याला बोलावलं. नबील नागपूरला इंजिनियरिंग शिकून आला होता आणि नोकरीची वाट पाहत घरीच होता. मामूचा चेहरा पाहून तो हसला.

"काऊन भेता मामू? लिनक्स टाकून देतो. फुकट बी, कायद्याचं बी."

"कायद्याचं हाय ना? मंग पुस सगळं! आत्ताच्या आत्ता पुस!"

नबीलने मशीन पुसलं. जुन्या सीड्या जलालुद्दीनभाईंनी स्वतः कात्रीने कापल्या, तुकडे मोजले आणि पुन्हा कापले. मग नबीलने बॅगेतून आपल्या सीड्या काढल्या आणि तेव्हा कुठे खरी गोष्ट सांगितली. या लिनक्समध्ये तयार प्रोग्राम येतच नाहीत. प्रोग्राम ज्या मजकुरातून बनतो, तो कच्चा मजकूर येतो. आपलं मशीन तो वाचतं आणि आपल्या घरी, आपल्यापुरता प्रोग्राम तयार करतं.

बाकावर लटारू बसला होता. विसापूरचा शेतकरी, अर्ज टाइप करायला आलेला. त्याला लगेच कळलं. "म्हंजे तांदूळ नाई देत, धान देतेत. घरी कांडा, घरी शिजवा."

"बराबर भाऊ," नबील खूश झाला. "अन् आपल्याले पाहिजे तसं. मामू, सांगा आता काय काय पाहिजे. छपाईची सोय घालू?"

"घाल."

"स्कॅनरची?"

"घाल."

"आपल्याजोळ स्कॅनर नाई मामू."

"साहेबानं विचारलं तं? घाल."

"गाणे ऐकायची सोय?"

"घाल रे बाबा! नाई म्हटलं अन् तेच कायद्यात निंघालं तं?"

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एका सोयीला दोन वस्तू लागत, त्या दोन वस्तूंना आणखी पाच, आणि त्या पाचांना अशा काही वस्तू, की ज्यांची नावं नबीलनेही ऐकली नव्हती. नबीलला हवा होता फक्त एक टायपिंगचा प्रोग्राम, त्याच्यासाठी साठेक वस्तू पुरल्या असत्या. मामूंनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावल्यावर पडद्यावर यादी आली दोनशे चौदाची. त्यात टायपिंगचा नंबर शेवटून दुसरा.

"एकेक बनत जाईन," नबील म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. जलालुद्दीनभाई त्यांच्याकडे बघत बसले. मधेच एखाद्या ओळीत 'वॉर्निंग' असं यायचं आणि ते टेबलाची कड धरायचे.

"मामू, ते नुसतं म्हणते तसं. काही होत नाई."

"पथक बी आधी नुसतंच म्हणत असन," ते म्हणाले.

मे महिना होता, पारा सेहेचाळीसला टेकलेला. मंगळवारी अकरा वाजता मशीन तापून आपोआप बंद पडलं. जलालुद्दीनभाईंना वाटलं, पथकानेच नागपुरात बसून बंद केलं. मग घरचा कूलर दुकानात आला, आणि कूलरच्या मागे खैरुनबी आल्या.

"नवऱ्याले ऊन लागलं तं कांदा देतेत, अन् मशीनले कूलर?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "घरात आम्ही भाजून राह्यलो!"

"खैरुन, मशीन गेलं तं दुकान गेलं! मंग कूलरची हवा खात बसजो!"

खैरुनबींनी कूलरचं तोंड मशीनकडे वळवलं. या माणसाचं भेव रोजचंच, पण आज त्याचे ओठ खरंच पांढरे पडले होते.

कूलरने मशीन चाललं, पण त्या दिवसांत दिवसरात्र मधेमधे लोडशेडिंग असायचं. लाइन गेली की तयार झालेल्या वस्तू तशाच राहत, पण जी अर्धवट असेल तिचा पुन्हा श्रीगणेशा. लहानसहान वस्तू मधल्या वेळात उरकल्या. बुधवारी संध्याकाळी टायपिंगचा नंबर लागला. नबीलने हिशेब केला आणि डोकं खाजवलं.

"मामू, याले एकट्याले अकरा घंटे लागतेत. सलग. अन् लाइन तं सलग सहा घंटे बी राहत नाई."

"म्हंजे हे कधीच बनणार नाई?"

"लाइनच्या भरवशावर तं नाई."

गुरुवारी सकाळी सातला बिरजू मंडपवाल्याचं जनरेटर दारात आलं. त्याची वायर शटरखालून आत घेतली. जनरेटर असं काही धडधडलं, की गल्लीतली कुत्री कोलफाइलच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या दिशेने पळाली. ज्या माणसाला कोणाच्या नजरेत यायचं नव्हतं, त्याच्या दुकानाचा आवाज पार रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊ लागला.

साडेबाराला पोचू धावत आला. "आले! स्टँडवर उतरले!" एवढं सांगून त्याने स्वतःचं शटर खाली ओढलं. पाठोपाठ समोरच्याचं, मग कोपऱ्यावरच्याचं. गल्लीत बाकीची सात दुकानं, सगळी कम्प्युटरवाल्यांचीच; पाच मिनिटांत सातही बंद.

"बंद कर! बंद कर नबील!"

"शटर पाडलं तं वायर तुटते मामू! अन् मशीन बंद केलं तं पुन्हा पहिल्यापासून."

पथक म्हणजे नागपूरचे एकटे कोतपल्लीवार साहेब. ते छत्री घेऊन गल्लीत शिरले, तेव्हा अख्ख्या बाजारात एकच दुकान उघडं होतं. जलालुद्दीनभाई उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी प्रिंटरला धरलं.

"तपासणी," साहेब म्हणाले आणि पडद्यासमोर वाकले. ओळी धावतच होत्या. "हे काय चाललंय?"

"प्रोग्राम बनून राह्यला साहेब," नबील म्हणाला. "टायपिंगचा."

"चोरीचा नाही कशावरून?"

"चोरीचा असता तं सकाळीच सुरू झाला असता साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ त्यांनी काही कळतंय का ते पाहिलं. मग छापील फॉर्म काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "चालू स्थितीतील प्रोग्राम : निरंक. आक्षेपार्ह : निरंक. जप्ती : निरंक." त्यांनी टोपण लावलं. "छान. जिल्ह्यात पहिलंच स्वच्छ दुकान पाहिलं. आता एवढा अहवाल टाइप करून द्या. चारच्या आत नागपूरला फॅक्स गेला पाहिजे."

जलालुद्दीनभाईंनी नबीलकडे पाहिलं. नबीलने पडद्याकडे पाहिलं. "सहा वाजतीन साहेब."

"सहा?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, आमचे वरचे हस्ताक्षरातलं घेत नाहीत! गेल्या महिन्यात एकदा मेमो मिळालाय मला. दुसरं दुकान?"

"सगळे तुमच्या भेवानं बंद हायेत," जलालुद्दीनभाई म्हणाले आणि बोललो कसं याचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग चला ना तुम्ही. तुमच्या आवाजाने उघडतील."

नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात कुठली? ते निघाले. ऊन रणरणत होतं, म्हणून साहेबांनी आपली छत्री दोघांच्या डोक्यावर धरली आणि वायरीत पाय अडकू नये म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोचूभाऊ, उघड! मी हाओ! साहेब काही करत नाई, एक पानच टाइप करायचं हाय!"

शटरच्या फटीतून एक डोळा दिसला. त्या डोळ्याला एका छत्रीखाली साहेब आणि जलालुद्दीनभाई दिसले, आणि खांद्यावरचा हातही. आत काहीतरी धाडकन पडलं आणि मागचं दार वाजलं. पुढच्या सहा शटरांमागेही तेच. साहेब स्वतःच ठोठावू लागले, "अहो उघडा! धाड नाहीये! मी गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाईक!" कोणी उघडलं नाही. शेवटी ते घड्याळ पाहत स्टँडकडे अक्षरशः पळाले.

सहाला पाच कमी असताना टायपिंगचा प्रोग्राम तयार झाला. नबीलने पहिलं अक्षर उमटवून दाखवलं. खैरुनबींनी अल्लाचे आभार मानले आणि कूलरची वायर काढली. तेवढ्यात समोरून चहा आला, न सांगता. मागोमाग पोचू आला, हात जोडून.

"जलालसाहेब," पोचू म्हणाला. आजवर तो नुसतं 'भाई' म्हणायचा. "आमचं नाव तं नाई ना देल्लं?"

"अबे, मी कायले नाव देऊ? मी तं..."

"नाई नाई, समजलं. तुमी सांगूच नोका." पोचू पाठ न दाखवता उलट्या पावलांनी मागे गेला. समोरच्या दुकानदाराने बसल्या जागेवरून उठून सलाम केला. कोपऱ्यावरच्याने तर पोराला आत ढकललं.

जलालुद्दीनभाईंच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. त्यांनी चहा तसाच बाजूला ठेवला आणि पाणी मागितलं.

"आता काऊन?" खैरुनबी वैतागल्या. "मशीन राह्यलं. दुकान राह्यलं. सगळं कायद्याचं झालं. आता कोणाचं भेव हाय?"

जलालुद्दीनभाईंनी हळूच बाहेर पाहिलं. सातही दुकानांतून माणसं त्यांच्याकडेच बघत उभी होती.

"ते सगळे मले भेऊन राह्यले खैरुन," ते कुजबुजले, "म्हणून मले भेव लागून राह्यलं."