बावीस पुरचुंड्या

अनुजाच्या गुलाबांच्या अकरा कळ्यांपैकी चार मंगळवारी पहाटे नाहीशा झाल्या. दांडे ओबडधोबड तुटले होते, म्हणजे कात्री लागली नव्हती. आळ्यांतल्या ओल्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते, जेमतेम तीन सेंटिमीटरचे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या अनुजाने ते मोजले, वहीत लिहिले आणि सासूबाईंना दाखवले.

"भेकरां ती," काशीबाई म्हणाल्या. "डोंगरातली हरणां. माझ्या तांबड्या भाजीक तेंनी कधी तोंड लावल्यानी नाय हां."

मागीलदारची ती जागा मुळात त्या भाजीचीच. कोल्हापूरहून सून होऊन आलेल्या अनुजाने ती दिवाळीनंतर गुलाबांसाठी मागून घेतली होती. करार स्पष्ट होता. येत्या रविवारी ओरोसच्या पुष्पप्रदर्शनात एक तरी फूल मांडलं गेलं तर जागा गुलाबांची, नाही तर पुन्हा भाजीची. त्याच दुपारी काशीबाई माहेरी खारेपाटणला गेल्या.

अनुजाने रीतसर विचार केला. भेकर नाकावर विसंबून जगतं. त्याला माणसाचा वास नको असतो, लिंबाचा नको असतो, मिरचीचा तर नकोच. तिने नवऱ्याला फोन करून ऑफिसातून येताना सलूनमधले केस आणायला सांगितलं.

"कोणाचे?" सर्वेशने विचारलं.

"कोणाचेही. फक्त धुतलेले नकोत."

सर्वेश पिशवीभर केस मांडीवर घेऊन एसटीने आला. शेजारच्या माणसाने एकदा पिशवीत डोकावून जागा बदलली, एवढंच तो म्हणाला.

प्रत्येक पुरचुंडीत मूठभर केस, अर्धं लिंबू, तीन सुक्या मिरच्या. बांधायला गणपतीच्या मखराचं उरलेलं लाल कापड मिळालं. बावीस पुरचुंड्या झाल्या. बुधवारी सकाळी अनुजाने त्या दीड-दीड मीटरवर कुंपणाला टांगल्या, शेवटच्या दोन वाटेवरच्या फाटकाला. सर्वेश अंधारात निघायचा आणि अंधारात परतायचा, त्यामुळे त्याला त्या दिसल्या नाहीत.

गुरुवारी भेकर आलं नाही. दूधही आलं नाही. शुक्रवारी मासे विकणारी जानकी वाटेवरूनच ओरडली, "आज बांगडे संपले गो!" आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन जवळजवळ पळत गेली. अनुजाने वहीत लिहिलं, 'भेकर शून्य. इतर निरीक्षणं अनाकलनीय.'

शनिवारी काशीबाई एसटीतून उतरल्या तेव्हा बातमी थांब्यावरच उभी होती. त्यांच्या घरावर कोणीतरी करणी केली होती. त्या घरी पोचल्या तेव्हा त्यांच्याबरोबर देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारे परशुराम होते, नारळ होता आणि वीसेक माणसं होती.

परशुरामांनी लांबूनच काठीने एक पुरचुंडी उलगडली. "केस, लिंबू, मिरशी, लाल फडको. वैनी, ह्या जाणकाराचा काम आसा. एक वस्तू सोडूक नाय."

"काका, त्या मी..." अनुजा पुढे झाली.

काशीबाईंनी तिला दंडाला धरून पडवीत ओढलं. "तू?"

"भेकरांसाठी, आई. वासाने..."

"हळू बोल! तू बांधलंस म्हणान कळला तर दूध नाय, मासे नाय, वर ह्या घराक करणीवाल्यांचा घर म्हणतले. गप उभी रव."

अनुजा त्यांच्यामागून परत अंगणात आली.

"देवाक फुलां होयी," परशुराम म्हणाले. कोणीच आणली नव्हती. वीस माणसांची नजर मागीलदारी वळली. त्याच सकाळी सातही गुलाब पूर्ण उमलले होते. परशुरामांनी सहा तोडले आणि ते सातव्यापाशी थांबले. तो तळहाताएवढा होता. त्याच्यासाठी अनुजाने प्रदर्शनाचा अर्ज भरून ठेवला होता.

"ह्यो बरो आसा," परशुराम म्हणाले. "ह्यो नारळार."

गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्या बांधल्यान, तेचा तोंड परत ह्या गावात दिसा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काशीबाईंनी कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा," अनुजा म्हणाली.

"ह्या घरच्या सुनेन जीव लावन वाढयलेली फुलां तुझ्या पायार घातल्यान, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

यावेळी काशीबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुरचुंड्या व्हाळाच्या वाहत्या पाण्यात सोडल्या गेल्या. संध्याकाळी दूध आलं. अनुजा कुदळ घेऊन पडवीत आली. "आई, भाजीचं बी कुठे ठेवलंय?"

"खुळी काय गो? देवाक पावलेली झाडां ती. थंय आता कुदळ लावक येवची नाय. जागा तुझी."

अनुजाने कुदळ खाली ठेवली. "मग पुढच्या वर्षी प्रदर्शनात..."

"देवाचा फूल परदर्शनात?" काशीबाईंनी तिच्याकडे काळजीने पाहिलं.

रविवारी पहाटे गुलाबांत भेकर उभं होतं. अनुजाने केरसुणी उचलली.

"ठेव ती," पडवीतून काशीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. "झाडां देवाची, जनावर देवाचा. मधे तू कोण?"

भेकराने एक कोवळा फुटवा संपवला, कान हलवले आणि ते शेजारच्या झाडाकडे वळलं.