जपानी हॉल आणि नाव घातलेले डबे

आमचं घर जपानी करायला मी 'हो' म्हणालो ते शुद्ध द्वेषापोटी. द्वेष डब्यांचा! शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आनंदीचे (म्हणजे आमच्या सौ.चे) एक्केचाळीस स्टीलचे डबे आहेत आणि मला हवं ते एकातही कधी सापडलेलं नाही. त्यामुळे लेक कादंबरी जेव्हा "बाबा, मिनिमलिझम! रिकामी जागा हीच शोभा," म्हणाली, तेव्हा मी तिला टाळीच दिली.

"मग या खुर्चीपासून सुरुवात करू," ती म्हणाली.

माझी आरामखुर्ची! निवृत्तीनंतर माझी म्हणावी अशी घरातली एकमेव वस्तू! पण डबे जाणार म्हणून मी काळजावर दगड ठेवला. खुर्ची तळमजल्यावरच्या तात्यारावांना दिली, डबे सोसायटीभर वाटले. रिकामा डबा कुणाच्या हातात देऊ नये, म्हणून आनंदीने प्रत्येकात चिवडा भरला.

उरलं काय? एक चटई, एक बुटकं टेबल आणि फुलदाणीत एक वाळकी काडी. चटईवरून मला उठवायला दोन माणसं लागत. पण डबे नव्हते!

चौथ्या दिवशी शेजारच्या मुक्ताई दारात. हातात डबा.

"अहो, तो तुम्हाला कायमचा दिलाय!" मी म्हणालो.

"कायमचा? यावर नाव आहे की. 'चि. सौ. कां. आनंदी हिस मामाकडून सप्रेम भेट.' दुसऱ्याच्या नावाची भांडी आम्ही ठेवून घेत नाही."

आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आत शंकरपाळे!

आठवड्यात एक्केचाळीसही डबे परत आले. भरून! जपानी टेबल त्यांच्याखाली गडप झालं. डबे येतात, मग खुर्ची का नाही? मी तडक तळमजल्यावर गेलो. तात्याराव माझ्याच खुर्चीत पेपर वाचत होते.

"तात्याराव, माझी खुर्ची हवीय."

"नाव घातलंय का कुठे?" त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मी संतापून वर आलो. "चहाच्या गाळणीवरसुद्धा नाव आहे या घरात! माझ्या खुर्चीवर तेवढं घालता आलं नाही? उद्या मलाही कुणी उचलून नेलं म्हणजे?"

आनंदी शंकरपाळे निवडत होती.

"तुमच्यावर कशाला हवं नाव? संध्याकाळच्या आत आणून सोडतील. वर काहीतरी गोडाचंही देतील."