शाबीकाकांचं चुकांचं कार्ड

आमच्या घरी लोखंडी कपाट आलं, त्याच संध्याकाळी शेजारचे शाबीकाका तणतणत दारात उभे राहिले.

"मास्तर, कपाट घेतलात? माझो कंपास चार अंश सरकलो!"

कोरगावात आमची दोन घरं एका भिंतीची. तिच्या पलीकडे काकांचं होकायंत्र. मी कपाट सरकवत होतो आणि काका पलीकडून "अजून! अजून!" ओरडत होते. शेवटी कपाट स्वयंपाकघरात गेलं. पाहुण्यांना तांदळाच्या डब्याशेजारी माझे शर्ट दिसतात.

काकांची सगळी नोकरी विमानांची दिशा दाखवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाले, पण विमानातून काही उतरले नाहीत. पोदेर पाव घेऊन आला की त्याची सायकल दहा पावलांवर थांबवतात. "लोखंड पैस धर!" पैस म्हणजे दूर; हे दिवसातून पन्नास वेळा. खिशात किल्ल्या असल्या तर माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. वाट विचारणाऱ्याला डावं-उजवं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "तीनशे दहा अंशांवर जा," म्हणतात, आणि केरीच्या समुद्रावर निघालेले पाहुणे चोपड्याच्या नदीवर पोचतात.

एकदा मी यंत्राबद्दल विचारण्याची चूक केली.

"विमानात एक भोवरो असता. गरगरता, दिशा सोडीत नाय. पण हळूहळू सरकता बिचारो. म्हणान पंखाच्या टोकार, इंजिनापासून पैस, उत्तर वळखणारो डोळो बसयतत. तो भोवऱ्याक सारखो जाग्यार आणता. दटावून न्हय हां, हळूच."

"आणि तरी चुकलं तर?"

"चुकताच! विमान गोल फिरवन दरेक दिशेची चूक मोजूची. निघता तितकी काढूची, उरली ती कार्डार लिवन कंपासाखाली लावची. चुकता म्हणान कंपास कोण टाकून देणत नाय."

हे मी शाळेत नक्कल करून सांगायचो. सगळे हसायचे.

गेल्या महिन्यात काका पहिल्यांदाच संकोचत आले. डोळे दाखवायला म्हापशाला जायचं होतं. "काकीकडे जरा बसशात?" काकी हल्ली विसरतात एवढं मी ऐकून होतो. आत गेलो तेव्हा कळलं, की काकींचं हे विसरणं झाकायला लोखंडाचं निमित्त करून हा माणूस गावाला उंबऱ्यावरूनच परत पाठवत होता. माझ्या नकलेची मला लाज वाटली.

जाताना त्यांनी होकायंत्राखालचं कार्ड माझ्या हातात दिलं.

सकाळी: बरोबर.
दुपारी: समोरच्याला भाऊ समजते. दुरुस्ती: भाऊ व्हावे.
तिन्हीसांजेला: माहेरी केरीला जायचे म्हणते. दुरुस्ती: हो म्हणावे. अंगणाला एक फेरी मारून घरी आणावे.
मला ओळखले नाही तर: बाहेर जाऊन पुन्हा दारातून आत यावे.

दुपारी मी भाऊ झालो. "किती बारीक झालंस रे," म्हणत काकींनी मला दोनदा जेवायला वाढलं. तिन्हीसांजेला त्यांनी पदर सारखा केला. "चल, केरीक जावया." आम्ही माडाला वळसा घालून परत आलो. "पोचलो," मी म्हटलं. त्या समाधानाने बसल्या आणि समोर एक रिकामा कप मांडला.

इतक्यात काका आले. काकी माझ्या कानाशी लागल्या, "हो कोण रे?"

काका बाहेर गेले, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा आत आले. "मी इलंय गो."

काकी माझ्यामागे सरकल्या.

काका पुन्हा बाहेर गेले. या वेळी बराच वेळ पायरीवर उभे राहिले. आत आले तेव्हा त्यांचा आवाज मुद्दाम आनंदी होता. "मी इलंय गो!"

काकींनी वर पाहिलं. "किती उशीर केलात! चाय थंड झाली ना?"

"चुकला गो माझा," काका म्हणाले, आणि काकींच्या शेजारी बसून त्यांनी तो रिकामा कप तोंडाला लावला.