न्सिया साहेबांचा गुप्त रक्तदाब

बायकोला काही सांगायचं नाही, एवढंच न्सिया साहेबांनी ठरवलं होतं. त्यावरून घरात बैठक बसेल हे आधी कळलं असतं, तर त्यांनी चर्चच्या भोंग्यावरून सगळं जाहीर केलं असतं.

झालं असं. चर्चच्या आवारात फुकट तपासणी होती आणि साहेब रांगेत पहिले. (जमीन नोंदणी कचेरीत हेडक्लार्क म्हणून अठ्ठावीस वर्षं लोकांच्या रांगा लावल्यावर ही हौस राहतेच.) नर्सने दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि भुवया वर केल्या.

"एकशे अठ्ठावन्न. मीठ कमी, खारा मासा बंद, रोज चालायचं. चार आठवड्यांनी पुन्हा मोजू, नाहीतर गोळ्या."

आता हे बायकोला, म्हणजे सेरवाबाईंना, सांगायचं म्हणजे घानातल्या अर्ध्या कुमासी शहराला सांगायचं. गेल्या साली साहेबांच्या अंगठ्याला कुरूप झालं, तर महिला मंडळाच्या तीस बायका पांढरे कपडे घालून अंगणात त्या अंगठ्यासाठी प्रार्थना करून गेल्या. शिवाय "आमच्या घराण्याचं रक्तच वेगळं" हे साहेब लग्नापासून ऐकवत आले होते. तेव्हा घरगुती उपाय, आणि तेही गुपचूप.

पण खाऱ्या माशाशिवाय सेरवाबाईंचं पामफळांचं सूप होत नसे, आणि माशाचा मोठा तुकडा साहेबांच्याच वाडग्यात. काय करणार? "भूक नाही" म्हणून त्यांनी झाकण न उघडता वाडगा परत पाठवला. दुसऱ्या दिवशीही पाठवला. मग रोजच. आणि नाक्यावरच्या बाईकडून भाजलेली केळी घेऊन ती चालता चालता खाऊ लागले.

कुमासीत नवरा घोरला, ओरडला, सासूला विसरला, सगळं खपतं. पण बायकोचं सूप न उघडता परत गेलं की त्याचा अर्थ एकच: हा दुसरीकडे जेवतो. आणि दुसरीकडे म्हणजे खाणावळीत नव्हे. साहेबांना हे ठाऊक होतं. पण ते आपल्यासारख्या ढेरपोट्यालाही लागू होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्यात चालण्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आले. प्रेशर उतरावं म्हणून चावलेल्या लसणाचा वास लपवायला तोंडात पुदिन्याच्या गोळ्या आल्या. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. रोज बाटलीभर सोबोलो, म्हणजे लाल अंबाडीचं सरबत, पिताना एकदा कॉलरवर लालभडक डाग पडला. सेरवाबाईंनी तो सदरा धुतला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला.

रविवारी चर्च सुटल्यावर सेरवाबाईंचे बाडूमामा आले आणि साहेबांची थोरली बहीणही आली. रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं, हात मिळवले आणि "येणं का केलंत?" असं विचारलं. (येण्याचं कारण बुधवारपासून सगळ्या गल्लीला माहीत होतं.)

"सहजच," मामा म्हणाले. "आमच्या भाचीचं सूप बावीस वेळा परत गेलं, म्हटलं बघून यावं."

सेरवाबाईंनी पिशवीतून सदरा काढला.

"अगं, ते सरबत आहे!"

"सरबत कॉलरनं पितोस का रे?" हे त्यांची सख्खी बहीण म्हणाली.

खरं सांगायचं तर साहेबांना क्षणभर गुदगुल्या झाल्या. चोपन्नाव्या वर्षी आपल्यावर असा संशय! त्यांनी नकळत पोट आत ओढलं. पण सेरवाबाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्यांचं काळीज हललं.

"मला ब्लड प्रेशर आहे!" ते ओरडले.

"चिठ्ठी दाखवा."

(चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी फाडून गटारात टाकली होती. हेडक्लार्कने जन्मात फाडलेला पहिला कागद.)

मामांचं औषधांचं दुकान होतं आणि प्रेशरचं यंत्र ते लग्नालाही बरोबर नेत. त्यांनी पट्टा बांधला, कान लावून ऐकलं आणि यंत्र मिटलं.

"एकशे अठरा. जावईबापू, हे तर नवरदेवाचं प्रेशर आहे."

महिनाभराच्या उपवासाचं फळ! एरवी साहेब नाचले असते.

"मामा, ते उतरलंय हो! मीठ सोडलं म्हणून उतरलंय!"

"म्हणजे होतं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आणि आता आम्ही बघायला आलो तर ते नाही. असंच ना?"

सेरवाबाई उठल्या. "मामा, मी कपडे भरते. मला घेऊन चला."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. साहेबांचे कान तापले, मानेची शीर टरारली, ते मटकन खाली बसले. सेरवाशिवाय हे घर! मामांनी निव्वळ धंद्याच्या सवयीने पुन्हा पट्टा बांधून फुगवला.

"अरे देवा! एकशे ब्याण्णव!"

"आहे! सेरवा, ब्लड प्रेशर आहे!" साहेब मुलगा झाल्यासारखे ओरडले. बहिणीने देवाचे आभार मानले. मामांनी पिशवीतून गोळ्या काढल्या. सेरवाबाई बाहेर येऊन टेकल्या, डोळे पुसले.

"पोरी," मामांनी विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं, ह्यांची कुठे बाई आहे?"

"छे हो! मी त्या केळीवालीला विचारून आले होते. ती इतकी हसली की तिची चार केळी जळाली."

"मग रडत का होतीस?"

"बायका म्हणायला लागल्या, सेरवाच्या हातची चव गेली. नवऱ्याचं कोण बोलतंय, मामा? माझ्या सूपचं नाव गेलं होतं."

एवढा वेळ आत ओढून धरलेलं पोट साहेबांनी हळूच सोडून दिलं.