नानाजींची शिवाशिवी

आमच्या नालवाडीच्या झोपडीत छापील कागद यायचा तो मिठाची पुडी होऊन. बाप कापसाच्या जिनात रुईची ओझी वाहायचा, माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. मी मॅट्रिक झालो, कॉलेजच्या ग्रंथालयात पहिलं पाऊल टाकलं, तर तिथले ग्रंथपाल नानाजी धोतर खोचून कपाटांमधून पळत होते!

"या पोट्टेहो! आज शिवाशिवी. कापसातली अळी कोण्या कपाटात लपली? जो पह्यले शिवन, तो जिंकला!"

पन्नाशीचा माणूस. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनीच लावलेली, आणि तिच्याच खाली उभं राहून ओरडायचे, "पळ ना बे!" एक शहाणा खरंच कपाटाखाली वाकून अळी शोधू लागला. "अबे, पुस्तकातली! आधी खणातली कार्डं पाह्य." प्राध्यापक नाकं मुरडायचे, पण नव्या पोरांना कपाटं पाठ व्हायची.

अळीचं पुस्तक मलाच सापडलं. मी मात्र लांब उभा राहून बोट दाखवलं. गावात आमचा हात कशालाही लागलेला चालत नसे. बोट दाखवायचीच सवय.

"दाखवू नको. शिव."

"शिवू जी?"

"शिवल्याशिवाय डाव कसा जिंकशीन?"

मी पुस्तकावर हात ठेवला. नानाजींनी अशी टाळी वाजवली, की वर्तमानपत्र वाचणारे दचकले.

पुढे ओळख वाढल्यावर एकदा विचारलं, "नानाजी, हाच खेळ काऊन?"

ते कार्डं लावत होते. मान वर केली नाही. "लहानपणी आमच्या गावी, केळझरले, आमच्यात एक दगडू खेळाले ये. तुमच्याच समाजाचा. राज्य माह्यावर आलं का मी सगळ्याइले शिवत होतो, त्याले सोडून. त्याले शिवलं तर घरी मार बसे. तो काही कोणाच्या हाती लागे नाई. आधी लय खूश होता, मीच जिंकतो म्हणून. मंग एक दिवस त्याले समजलं. पुन्हा आला नाई."

निकाल लागला त्या दिवशी मी नानाजींच्या पाया पडायला वाकलो. ते मागे सरकले.

"पाया नको पडू. शिव."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदा पळणारा माणूस जागच्या जागी उभा राहिला.

"हा हात दगडूचा पाह्यजे होता रे," ते म्हणाले.

माझा हात काही दगडूचा होऊ शकत नव्हता. ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी तो लगेच काढला नाही.

मी बी.ए. झालो होतो. आमच्या घरातला पहिला.