ग्रिमशॉंच्या घरातली पाच माणसं

आर्नल्ड ग्रिमशॉ तसे खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. ओल्डहॅमच्या टपाल कचेरीत एकोणचाळीस वर्षं पत्रं निवडताना त्यांनी कुणाचंही पोस्टकार्ड वाचलं नव्हतं (निदान शेवटपर्यंत तरी नाही). पण ऑक्टोबरात त्यांच्या बॉयलरने मान टाकली, घर गारठलं, आणि नवा कुठला बसवावा हे ठरवायला कंपनीचा क्रेग नावाचा माणूस टॅब घेऊन आला. तेव्हा मात्र त्यांची जीभ घसरली.

"खोल्या किती?" क्रेगने विचारलं.

"चार."

"रेडिएटर?"

"सात."

"आणि घरात माणसं?"

उत्तर सोपं होतं. एक. बायकोला, माव्हिसला, जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मुलगा कीथ बायकापोरांसह न्यूझीलंडला होता. पण गेल्या चार दिवसांत आर्नल्डना कुणी काहीच विचारलं नव्हतं. आता कुठे कुणी विचारतंय, तर इतकं तोकडं उत्तर देणं त्यांच्या जिवावर आलं.

"पाच," ते म्हणाले.

"वा. आंघोळी कधी होतात?"

"सगळ्यांना सातलाच हवी. नुसती झुंबड असते." आर्नल्ड आता रंगात आले. "मुलगा, सून, दोन नाती. त्यातल्या धाकटीचे, पॉपीचे, केस हे एवढे लांब. एकदा आत गेली की बाहेर येत नाही." (नाती खऱ्या होत्या, केसही खरे होते. फक्त अर्ध्या जगापलीकडे होते.)

क्रेगने ते सगळं मन लावून टिपून घेतलं. "मग भिंतीवरचा छोटा बॉयलर तुम्हाला पुरायचा नाही. मोठा घ्या. नव्या पद्धतीचा आहे, धुरातली ऊबसुद्धा पिळून घेतो. सोबत तीनशे लिटरची टाकी. टाकीसाठी वर जिन्याजवळचं कपाट तेवढं जाईल."

त्या कपाटात माव्हिसने घड्या घातलेले टॉवेल होते. दीड वर्षात आर्नल्डनी त्यातला एकही मोडला नव्हता; दोन नवे आणून त्यांवरच भागवत होते. खरं सांगून टाकायची वेळ हीच होती. पण क्रेग म्हणाला, "हल्ली इतकी माणसं एकत्र राहतात कुठे? नशीबवान आहात." आर्नल्डनी सही केली.

पुढच्या मंगळवारी शाझिया नावाची फिटर आली. ती आणि तिचा भाऊ, दोघांनी मिळून टाकी जिना चढवली. भाऊ दुसऱ्या कामावर निघून गेला आणि शाझियाने कपाटाच्या फळ्या काढायला घेतल्या. टॉवेल आर्नल्डनी आदल्या दिवशीच, घडी न मोडता, कीथच्या पलंगावर हलवले होते.

"मंडळी दिसत नाहीत," ती म्हणाली.

"पोरी शाळेत गेल्यात."

"या आठवड्यात शाळांना सुट्टी आहे ना? माझी दोन्ही कार्टी घरात धुडगूस घालतायत."

"यांची शाळा जरा कडक आहे," आर्नल्ड म्हणाले आणि चहाच्या निमित्ताने खाली सटकले.

चहा होईपर्यंत त्यांना वाटायला लागलं, या बाईला संशय आलाय. काहीतरी करायला हवं. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. ती गाडीतून काही आणायला गेली असावी. हीच संधी. ती परत येताना ऐकेल अशा बेताने आर्नल्ड जिन्याखाली उभे राहिले आणि पोरी शाळेत असल्याचं आपणच सांगितलंय हे विसरून, वर तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "पॉपी, बास झाली आता आंघोळ. ताईलाही पाणी ठेव जरा."



"मिस्टर ग्रिमशॉ," वरून शाझियाचा आवाज आला, "वर मी एकटीच आहे. आणि इथलं पाणी मी सकाळीच बंद केलंय."

(दार वाजलं होतं ते पोस्टमनने दारातल्या फटीतून पत्रं टाकली म्हणून. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर हा आवाज तरी ओळखायला हवा होता.)

ती खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. आर्नल्ड दोन्ही हातांत एकेक कप धरून उभेच होते. त्यांनी सगळं सांगितलं. माव्हिसचं, कीथचं, टॉवेलांचंही.

"रागावलीस का, पोरी?"

"रागावलेय तर. ती टाकी आम्ही दोघांनी वर नेलीय. आता उतरवताना खालून धरायला तुम्ही यायचं."

टाकी जिन्याच्या वळणावर अडकली. वर शाझिया, खाली आर्नल्ड, मध्ये टाकी. सुटेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात आर्नल्डना तिच्या दोन्ही मुलांची नावं, सासूचा गुडघा आणि भावाचं मोडलेलं लग्न एवढं सगळं समजलं. वर्षभरात इतकी छान सकाळ गेली नव्हती. जाण्याआधी तिने कपाटाच्या फळ्या पुन्हा बसवल्या आणि टॉवेल स्वतः उचलले नाहीत. "ते तुम्हीच ठेवा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी छोटा बॉयलर भिंतीवर बसला, घर उबदार झालं आणि एकदम शांत झालं.

संध्याकाळी क्रेगचा फोन आला. "मिस्टर ग्रिमशॉ, शाझियाच्या कागदावर आता एकच माणूस दिसतंय. बाकीचे चौघे?"

दुसऱ्यांदा कबुली द्यायचा आर्नल्डना धीर होईना. "गेले," ते म्हणाले.

"चौघंही? एकदम?"

"हो."

 क्रेग खालच्या आवाजात म्हणाला, "माझीही गेली, जुलैत. कुत्रासुद्धा घेऊन गेली. बोला तुम्ही. मोकळे व्हा. मी ऐकतोय."

असं आर्नल्डना कुणी म्हटल्याला फार दिवस झाले होते. ते खुर्चीत बसले आणि बोलू लागले. टपाल कचेरीपासून सुरुवात केली. पत्ता चुकलेली पत्रं कशी निवडायची, ते सांगितलं. टॉवेलची घडी तीनदा का घालायची, ते सांगितलं. जिन्यात अडकलेल्या टाकीचं तर दोनदा सांगितलं. क्रेग मधूनमधून हुंकार देत होता. तासाभराने हुंकारही थांबले.

"ऐकतोयस ना?" आर्नल्डनी विचारलं.

"ऐकतोय," क्रेग म्हणाला. "मिस्टर ग्रिमशॉ, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या चौघांची बाजूही मला आता जराशी समजायला लागलीय."