दोन दगड आणि एक आरसा

या माऊलींनो, जवळ सरका. मागच्या आजी, तुम्हीही पुढं या. आज दगडाची गोष्ट सांगतो. फक्त ऐकताना दगड होऊन बसू नका.

गल्लीच्या तोंडाशी दाजींचं सलून. शेजारच्या खुर्चीवर त्यांचा सख्खा मेहुणाच कामाला, म्हणून सारी गल्ली त्यांना दाजी म्हणायची. दाजींच्या मुलीला स्थळ आलं होतं आणि मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला होता, "आधी तुमच्या हातची दाढी, मग बोलणी."

वस्तऱ्याला धार लावायचा दाजींचा दगड वीस वर्षांत मधोमध खोलगट झालेला. मेहुण्यानं आपला दगड आणला. दोघांनी पाणी टाकून दगडावर दगड इतका घासला, की दोन्ही एकमेकांवर चपखल बसले.

"बघा दाजी, मधे कागद शिरत नाही!"

"सपाट म्हणजे एकदम सपाट!"

दारातून दाजींची बायको म्हणाली, "अहो, वाटीत वाटीसुद्धा चपखल बसते. तिसऱ्या कशावर तरी ठेवून बघा."

"तू जिभेला धार लावू नकोस," दाजी म्हणाले.

पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, आले. खुर्चीत बसले, फेस लागला. पहिल्याच हाताला ओरडले, "आई गं!"

"केस जरा राठ आहेत हो तुमचे."

"कालपर्यंत मऊ होते!"

"माझ्या दगडावर लावा," मेहुणा धावला. लावली धार. आता पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. अर्ध्या दाढीनिशी त्यांनी गळ्याचं फडकं सोडलं. "येतो आम्ही."

तेवढ्यात बायकोनं समोरचा आरसा भिंतीवरून काढून टेबलावर आडवा टाकला. त्यावर दाजींचा दगड उपडा ठेवला. दोन्ही टोकं टेकली, मधून पलीकडचा उजेड दिसला. मग मेहुण्याचा ठेवला. तो टकटक डुलायला लागला.

"एक खड्डा, एक टेकाड," ती म्हणाली. "म्हणून तर जमलं तुमचं!"

काचेवर तिनं ओला पॉलिश पेपर चिकटवला, दाजींच्या दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या आणि शेवटची रेघ पुसेपर्यंत घासला. पाहुणे बघत बघत पुन्हा खुर्चीत टेकले, दाजींनी त्यावर धार लावली. दुसऱ्या गालावरून वस्तरा असा गेला, की पाहुण्यांना डुलकी लागली.

जागे होऊन त्यांनी गालावर हात फिरवला. "मुलगी कुणावर गेलीय?"

"माझ्यावर!" दाजी म्हणाले.

"मामावर!" मेहुणा म्हणाला.

पाहुणे ताडकन उठले. दाजींच्या हातून ब्रश गळाला. पण पाहुणे वळले आरसा पुसणाऱ्या बाईकडे.

"विहीणबाई, आता तुम्ही खरं सांगा."

तेव्हा माऊलींनो, घरात दोघांचं फारच गोड जमलं, की दारात उभी राहून तिसरंच बोलणाऱ्या त्या विहीणबाईंची आठवण ठेवा.